चावी न लागणारं घड्याळ

“कोणी हात लावला होता माझ्या घड्याळाला? ... खरं सांगा, कोणी?”

बाळूचा आवाज सुट्टीपुरत्या भाड्याने घेतलेल्या त्या छोट्याशा घरात असा काही घुमला की खिडकीत वाळत घातलेले टॉवेलसुद्धा दचकले असावेत! तो दारातच उभा होता. अंगावरून समुद्राचं पाणी टपटप गळत होतं, पायांची वाळू फरशीवर पसरत होती आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत त्याने ते घड्याळ धरलं होतं... निळ्या तबकडीचं, जाडजूड, पाणबुड्यांनी घालायचं ते किमती घड्याळ! काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेमागे काटे दिसत होते, पण हलत नव्हते.

खाटेच्या कडेला बसून माई सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांच्या छातीत धस्स झालं. पण का झालं, ते मात्र त्यांचं त्यांनाच कळेना. आपल्या हातून काही झालंय का? ... काहीतरी झालंय खरं... पण काय? कधी? मनाच्या कोपऱ्यातून कसलीशी आठवण पुढे आली, ती धरावी म्हणून त्यांनी डोळे बारीक केले, तर ती निसटून गेलीसुद्धा.

“मी लावला.”

स्वयंपाकघराच्या दारातून सूनबाई बोलली. तिच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात अर्धवट सोललेलं फळ. “काल दुपारी पुसत होते मी ते. तेव्हा ती बाजूची चावी सैल झाली असेल माझ्याकडून. लक्षात नाही आलं. चुकलं माझं.”

माईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपण नव्हे! देवा, म्हणजे आपण नव्हेच! त्या सुटकेच्या भरात त्यांना एवढं हलकं हलकं वाटलं, की सासूपणाची जुनी धार आपसूक जिभेवर आली. “अगं, विचारावं तरी माणसाने! एवढी महागाची वस्तू, तिला न सांगता हात लावावाच कशाला?”

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दुःखही नव्हतं. मग काय होतं? माई ते शोधू लागल्या तोवर ती वळून पुन्हा फळ सोलायला गेली होती.

बाळूच्या घड्याळापायी एवढं आकांडतांडव का, हे कळायचं तर या कुटुंबातल्या घड्याळांचं थोडं सांगायला हवं. माईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करणारे नव्हते बरं का. ते घड्याळांना चावी देणारे होते! शाळा, कचेऱ्या, न्यायालय, जिथे म्हणून भिंतीवर मोठं लंबकाचं घड्याळ, तिथे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत हे गृहस्थ शिडी लावून चढायचे. आणि मजा अशी, की सगळ्या गावाची वेळ सांभाळणाऱ्या या माणसाच्या मनगटावर जन्मभर घड्याळ नव्हतं. रस्त्यात भेटेल त्याला “किती वाजले हो?” असं विचारत ते फिरायचे, आणि लोक हसले की आपणही हसायचे. ते तापाने अंथरुणाला खिळले की माई पदर खोचून, जुडगा घेऊन त्यांच्या फेरीला जात. पुढे कचेऱ्यांतून बॅटरीची घड्याळं आली. काढून टाकलेली जुनी घड्याळं यजमान एकेक करून घरी आणू लागले, आणि ते गेल्यावर त्या सगळ्या घड्याळांसकट माई बाळूच्या घरी राहायला आल्या.

त्या घरात सकाळचं पहिलं काम एकच, घड्याळांना चावी! चहाचं आधण त्यानंतर. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय आणि घरातलं माणूस स्वस्थ बसलंय, हे माईंच्या लेखी चूल न पेटवता जेवायला बसण्यासारखं होतं. घड्याळं आपापल्या मर्जीने ठोके देत. पाहुणे दचकून चहा सांडत, पण सूनबाईने त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही.

पण अलीकडे माईंचं काहीतरी बिनसलं होतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. शेजारणीला त्या तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. आणि एकदा तर गॅस तसाच चालू ठेवून त्या खाली बागेत जाऊन बसल्या... शेजारणीला वास आला म्हणून बरं! त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. माई खोलीत आल्या की बोलणं थांबायचं. एका रविवारी बाळू आणि सूनबाई कुठेसे जाऊन आले. “असेच गेलो होतो जरा” एवढंच बाळू म्हणाला, आणि त्याने माईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही. मग एका संध्याकाळी बंद दाराआडून सूनबाईचा आवाज माईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला. “सुट्टी होऊ दे, मग बघू. तिथली जागा काही पळून जात नाही.”

तिथली जागा! म्हाताऱ्या माणसांना नेऊन ठेवतात ती! ... माईंच्या पायांखालची जमीनच सरकली. ज्या सुनेला त्यांनी बाळंतपणात फुलासारखं जपलं, तिनेच हे ठरवलं? बाळू बिचारा बोलला नसेल, तो कुठे कधी बोलतो? त्यांच्या व्याकुळ मनाने त्याच क्षणी निकाल देऊन टाकला, आणि तेव्हापासून त्या सूनबाईने दिलेला चहा तिच्याकडे न बघता पिऊ लागल्या.

म्हणूनच उन्हाळ्याची सुट्टी समुद्रावर घालवायची ठरली, तेव्हा साऱ्या घरात आनंदीआनंद आणि माईंना मात्र धास्ती! सुट्टी संपली, की आपली पाठवणी. नात भिंगरी, जी नावाप्रमाणेच एका जागी ठरत नसे, ती पोहण्याचे कपडे घालून आठवडाभर आधीपासूनच घरात नाचत होती, आणि माई मात्र एकेका घड्याळाला शेवटची चावी देताना मनात म्हणत होत्या, आता तुमचं आणि माझं काय होणार, कोणाला ठाऊक.

आणि या सुट्टीत बाळूच्या मनगटावर हे नवं घड्याळ! पोट सुटलेला, डोक्यावर विरळ केस असलेला, आयुष्यभर कचेरीत हिशेब तपासणारा हा माणूस, पाण्यात डोकं बुडवायलाही घाबरणारा, आणि घड्याळ कसलं घ्यावं? तर समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या माणसांचं!

“याला चावी लागत नाही, माई,” त्याने पहिल्याच दिवशी कौतुकाने दाखवलं होतं. “हातात असलं, हात हलला, की आपोआप आतली कमान गुंडाळली जाते.”

“चावी न देता चालतं?” माईंचा विश्वासच बसेना. “मग ते आपल्या घरचं कसं रे होणार? त्याला आपली गरजच नाही!”

बाळू रोज छातीभर पाण्यात जायचा आणि घड्याळाचा हात सारखा उंच धरायचा. भिंगरी किनाऱ्यावर हसून लोळायची. शेवटी सूनबाईनेही चिडवलं, “अहो, तीनशे मीटर खोल जाणारं घड्याळ ते, आणि तुम्ही त्याला छत्रीसारखं वर धरून चालताय! बुडवा की एकदा!” ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने छाती फुगवून, नाक धरून, हातासकट बुडी मारली. आणि वर आला तो ही वाफ धरलेली काच घेऊन!

त्यानंतरचे दिवस म्हणजे सुट्टी नव्हे, सुतक होतं. ठरलेली होडीची सहल रद्द झाली. बाळू जेवायला बसला की ताटाकडे बघून जेवायचा आणि सूनबाईशी बोलायची वेळ आलीच तर भिंतीशी बोलावं तसं बोलायचा. ती एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते, त्यावरून एकदा तो म्हणाला, “तिथल्या बाटल्या तरी नीट हाताळतेस ना? का तिथेही हे असंच?” भिंगरीने जेवता जेवता मान खाली घातली. सूनबाईने मात्र ओठ घट्ट मिटून त्याच्या पानात आणखी वाढलं.

पहिला दिवसभर माईंना खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. मला घरातून काढायला निघाली होती, आता कळू दे तिलाही, बोलणी खाणं काय असतं ते! पण दुसऱ्या दिवशी ते बरं वाटणं कुठे गेलं कोण जाणे. सूनबाई मागच्या अंगणात एकटीच बसलेली दिसली की माईंना तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटायचं. जिच्यावर रागवायचं तिची दया का यावी? आणि बाळू, आपला गरीब बाळू, तो असा कधीपासून बोलायला लागला? माईंना काही म्हणजे काही उमगेना. डोक्यात सगळ्या दोऱ्यांचा गुंता झाला होता, आणि कुठलंही टोक ओढलं की गाठ आणखी आवळत होती.

अशाच एका सकाळी बाळू ओसरीत बसून घड्याळ उन्हात धरून बघत होता. माई त्याच्याजवळ जाऊन बसल्या.

“अरे, पण पाण्यातलं घड्याळ ना हे? मग त्यात पाणी गेलंच कसं?”

“हे बघ.” त्याने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. “ही चावी नुसती ओढून निघत नाही. हिला आटे असतात. आधी अशी उलटी फिरवायची, मग ती सुटते आणि आपोआप बाहेर येते... बघ, आली! आता बंद करताना आत दाबून पुन्हा आटे फिरवून घट्ट बसवायची. नुसती आत दाबली तर बसल्यासारखी दिसते, पण उघडीच राहते. मग पाणी शिरायला कितीसा वेळ!”

ती इवलीशी चावी टुणकन बाहेर आली मात्र, आणि माईंच्या अंगावर सर्रकन काटा आला! ही उडी... ही इवलीशी उडी या बोटांना माहीत होती. डोक्याला नव्हती माहीत, पण बोटांना माहीत होती! भर दुपार. सगळे झोपलेले. पंख्याची घरघर. सुट्टीला आल्यापासून सकाळी चावी द्यायला एकही घड्याळ नाही, म्हणून हात कसे रिकामे, परके वाटणारे... आणि मेजावर ते निळं घड्याळ. किती वेळ तसंच पडलंय, कोणी हातात घातलेलं नाही, म्हणजे बिचारं थांबेल की! असं कसं चालेल? आपण असताना घरात घड्याळ थांबेल? त्यांनी ते उचललं होतं, चावी ओढून बघितली, निघेना, फिरवून बघितली, आणि ती टुणकन बाहेर आली तेव्हा त्या एकट्याच खुदकन हसल्या होत्या. मग मनसोक्त चावी दिली होती. आणि जन्मभर इतर घड्याळांची दाबत आल्या तशीच ती आत दाबून, पदराने काच पुसून, घड्याळ जागेवर ठेवलं होतं.

ती आपण होतो. दुसरं कोणी नव्हतंच तिथे.

“काय झालं, माई? चेहरा का असा उतरला?” बाळू विचारत होता.

“काही नाही रे... ऊन लागतंय,” असं म्हणून त्या उठल्या. भिंतीला धरून घरात आल्या. आता बोललो, तर मिळालंच त्यांना कारण! गॅस झाला, आता घड्याळ झालं. या म्हातारीचा घरात भरवसा नाही, हे आपल्याच तोंडाने आपण सिद्ध करून द्यायचं? नाही बोललो तर? तर कोणाला कधीच कळणार नाही... पण मग ती का म्हणाली ‘मी लावला’? जिला आपल्याला घालवायचंच आहे, तिच्या हातात आयतं कारण चालून आलं होतं, आणि तिने ते स्वतःच्या अंगावर घेतलं? माईंच्या तर्काची धावच तिथे संपत होती.

मागच्या अंगणात नळाखाली सूनबाई पोहण्याच्या कपड्यांतली वाळू धूत होती. माई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“घड्याळाला तू हात लावला नव्हतास.”

सूनबाईने नळ बंद केला.

“तू पाहिलं होतंस मला?”

“हो,” ती हळूच म्हणाली. “पाणी प्यायला उठले होते. तुम्ही खिडकीशी उभ्या होतात, घड्याळ कानाला लावून. इतक्या खुशीत होतात, माई... कितीतरी दिवसांत मी तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, असू दे. मला तरी कुठे ठाऊक होतं, त्या चावीचं एवढं नाटक असतं ते!”

“मग खरं का नाही सांगितलंस? माझ्यावरचं आपल्या अंगावर कशाला घेतलंस? आणि वर मी तुला बोलले, तेही ऐकून घेतलंस?” माई आणखी जवळ सरकल्या. “तुला तर मी घरात नकोच आहे ना? ऐकलंय मी सगळं. सुट्टी झाली की मला तिथे नेऊन ठेवणार आहेस ना तू?”

सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिने ओसरीकडे, बाळू बसला होता तिकडे, एकदा पाहिलं, आणि मग हातातला कपडा पिळत ती म्हणाली, “तसंच समजा.”

“म्हणजे?”

“म्हणजे तसंच समजा, माई. पण पाया पडते, घड्याळाचं त्यांना सांगू नका. मला काय, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. तुम्ही सांगू नका.”

माई बघतच राहिल्या. घालवणारीही हीच आणि वाचवणारीही हीच? बाईच्या पोटात आहे तरी काय! सगळी दुपार त्या कूस बदलत पडून राहिल्या. शेवटी एवढंच त्यांच्या मनाशी स्वच्छ झालं, की बाकीचं काही कळो न कळो, आपल्या चुकीसाठी दुसऱ्याच्या लेकीने बोलणी खायची, हे काही आपल्याला गिळवणार नाही. मग जे व्हायचं ते होवो!

संध्याकाळी चहाच्या वेळी भिंगरी अंगणात शिंपले धुवत होती. बाळूने कप उचलला, आणि “साखर तरी बघून घातलीस ना?” असं म्हणून सूनबाईकडे तिरका कटाक्ष टाकला. माईंनी आपला कप खाली ठेवला.

“तिला बोलू नकोस, बाळू. घड्याळ मी बिघडवलं.”

“माई!” सूनबाई कळवळून म्हणाली.

“थांब गं. मला विसरायच्या आत बोलू दे.” माईंचा आवाज ठाम होता. “मी चावी दिली त्याला. थांबेल असं वाटलं म्हणून. दाबून ठेवली, आटे फिरवायचे ते मला माहीत नव्हतं. हिने मला पाहिलं, आणि स्वतःवर घेतलं. आता तुला काय शिक्षा करायची ती मला कर.”

एकदा आईकडे, एकदा बायकोकडे असा बाळू बघत राहिला, आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवून काढलं नव्हतं. “बघ! बघ, मी काय सांगत होतो तुला? आज घड्याळ, त्या दिवशी गॅस, उद्या आणखी काही! मी जागा बघून आलो, बोलून आलो, आणि तू आपली, सुट्टी होऊ दे, मग बघू! किती दिवस टाळत राहणार आहेस?”

त्याचं त्यालाच कळलं. कप बशीवर आपटला. अंगणातल्या नळाचं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं.

“कोण टाळत होतं?” माईंनी विचारलं. “बाळू... म्हणजे ती जागा तू बघितलीस?”

“माई, चहा गार होतोय,” सूनबाई घाईघाईने म्हणाली.

“होऊ दे गार! तू सकाळी मला काय म्हणालीस? तसंच समजा, म्हणालीस! का म्हणालीस?”

सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “मग काय सांगणार होते मी? लेकाने ठरवलंय असं कळलं असतं, तर तुम्ही घासभर तरी जेवला असतात का? सुनेने ठरवलं म्हटलं की माणूस रागावतं, चिडतं... पण जेवतं तरी!”

माईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. कोणाचा राग कोणावर काढला आपण! कित्येक आठवडे जिच्या चहाकडे बघितलं नाही, ती आपल्या आणि त्या जागेच्या मध्ये दार अडवून उभी होती! आणि ज्याला आपण बिचारा, बिचारा म्हणत होतो... पण त्याच्याकडे बघितलं तर तोही बिचाराच दिसत होता. दोन्ही हातांत डोकं धरून तो एखाद्या मुलासारखा हमसत होता.

“मी वाईट नाही गं, माई...” तो कसाबसा म्हणाला. “मला भीती वाटते! रोज कचेरीतून आलो, की कुलूप उघडायच्या आधी मी दाराशी उभा राहून वास घेतो. रोज! कधी तरी दार उघडेन आणि आत तू... मला नाही सहन व्हायचं ते. मला तुला घालवायचं नव्हतं. मला ती भीती घालवायची होती.”

“आणि या घड्याळापायी हिला एवढं छळलंस, ते?”

बाळूने डोळे पुसले. “बाबा मला फेरीवर न्यायचे ना लहानपणी,” तो म्हणाला, “तेव्हा परत येताना एका दुकानाच्या काचेपाशी ते हमखास थांबायचे. आत असंच निळं घड्याळ होतं. ते आत कधी गेले नाहीत. मला म्हणायचे, बघ, हे समुद्राखालीसुद्धा चालतं. एवढंच. मला वाटलं, आपण एकदा ते समुद्रात नेऊन दाखवावं त्यांना... आणि ते पहिल्याच बुडीला बंद पडलं. मग डोकंच फिरलं माझं.”

माईंनी त्याचं डोकं पदराआड ओढून घेतलं. त्या काच न्याहाळणाऱ्या माणसाबरोबर एवढा संसार केला, आणि हे त्यांना त्याने कधी सांगितलं नव्हतं! राग कोणावर करायचा तेच उरलं नव्हतं, आणि रडू मात्र सगळ्यांसाठी येत होतं. थोड्या वेळाने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “मी जाईन रे तिथे. रागाने नाही म्हणत. तुला दाराशी उभं राहून वास घ्यावा लागतो, तर मला तिथेच ठेव. मी राहीन.”

“तुम्ही कुठेही जायचं नाही,” सूनबाई म्हणाली. तिचा आवाज आता ओला नव्हता. “मी सकाळची पाळी मागून घेतलीय. सुट्टीनंतर दुपारपासून मी घरी असेन. सकाळी हे उशिरा निघू शकतात, यांच्या कचेरीत चालतं तसं.”

“पण तुला तर प्रयोगशाळेची प्रमुख करणार होते,” बाळू गोंधळून म्हणाला. “ते काम तर दिवसभराचं...”

“त्यांना नको म्हणून सांगितलं.”

“कधी?”

“गॅसचं झालं, त्याच आठवड्यात.”

बाळू उठला. बायकोपाशी गेला. त्याने तिच्या हातातला चहाचा रिकामा ट्रे घेतला आणि तो छातीशी धरून तसाच उभा राहिला. मोठ्या माणसाचा तो अवतार बघून तिला रडता रडता हसू फुटलं. “अहो, ट्रे ठेवा खाली,” ती म्हणाली. “आणि माईंना सांगा एकदा, स्पष्ट.”

“कुठेही जायचं नाही, माई,” बाळू म्हणाला. “गॅसला आपोआप बंद होणारं बटण मिळतं, ते बसवून घेऊ. आणि मी चुकलो. तुझ्याशीही आणि हिच्याशीही.”

उरलेली सुट्टी सुखाची गेली. होडीची सहल झाली. बंद घड्याळ शहरात नेऊन दाखवायचं ठरलं, आणि तोवर ते बाळूच्या खिशातच राहिलं. माईंनी सूनबाईच्या केसांतली वाळू स्वतःच्या हातांनी विंचरून काढली. तेव्हा दोघी काय बोलल्या ते त्या दोघींनाच ठाऊक.

परतीच्या दिवशी सकाळीच निघाले. बाळू गाडी चालवत होता, शेजारी भिंगरी होती, मागे सूनबाई आणि माई. माईंनी आपली पिशवी डिकीत ठेवू दिली नाही, ती मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या होत्या. समुद्र मागे पडला, शेतं लागली, उन्हं चढली. माई एक अक्षर बोलल्या नाहीत. सूनबाईला वाटलं डुलकी लागली असेल.

बऱ्याच वेळाने माईंनी तिचा हात चाचपून हातात घेतला आणि तिच्या कानाशी वाकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तिथे सोडताना त्याला रडू देऊ नकोस हं. भिंगरीपुढे बरं नाही दिसत. मी अगदी मजेत राहीन. माझी घड्याळं मात्र बंद पडू देऊ नकोस, सकाळी आधी चावी, मग चहा. आणि... तुझ्यावर माझा काही राग नाही बरं का.”

सूनबाईने तो हात घट्ट धरला. आरशातून बाळूने दोघींकडे पाहिलं होतं. त्याने ऐकलंही होतं. त्याने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, थांबवली, खाली उतरून मागचं दार उघडलं आणि तो आईसमोर गुडघे टेकून बसला.

“माई, आपण घरी चाललोय. आपल्या घरी.”

“घरी?” माई त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. “तिथे नाही?”

“तिथे नाही. कधीच नाही.”

माईंनी मोठा सुस्कारा सोडला. पिशवीवरची पकड सैल झाली. मग त्यांना चांगलाच राग आला. “मग हे आधी नाही का सांगायचं, बाळू? मी उगीच सगळा रस्ता मनातल्या मनात रडत आले!”

सकाळपासून त्याने ते त्यांना कितीदा सांगितलं होतं, याला गणती नव्हती. चहाच्या वेळी, सामान भरताना, गाडीत बसताना... प्रत्येक वेळी माईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला होता. भिंगरी पुढच्या सीटवरून वळून तेच बोलणार होती, तेवढ्यात सूनबाईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

“चुकलं माझं, माई,” बाळू म्हणाला. “सांगायचं राहूनच गेलं बघ.”

त्याने आईच्याच पदराने तिचे डोळे पुसले, तिची पिशवी नीट मांडीवर ठेवली, दार लावलं आणि गाडी सुरू केली.